भाव न विचारता दिलेला विसार

रविवारी सकाळी मराठी शाळेचे वर्ग सुरू झाले की आम्ही पालक बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये थर्मासमधला चहा घेऊन उभे असतो. ऑक्टोबर लागला की तिथल्या गप्पांचा विषय बदलतो. दिवाळीचा कार्यक्रम, कुणाचे आईवडील भारतातून आलेत, कुणाचं ग्रीन कार्ड कुठवर आलं, हे सगळं मागे पडतं आणि ज्यांची मुलं बारावीत आहेत त्यांच्याभोवती घोळका जमतो. प्रश्न ठरलेला असतो. "मग, अर्ली कुठे टाकताय?"

न्यू जर्सीत राहून मी हा प्रश्न कितीतरी वर्षं ऐकते आहे. दोनदा तो मलाही विचारला गेला, एकदा मुलीच्या वेळी आणि एकदा मुलाच्या. या प्रश्नातलं क्रियापद मला खटकतं. "तिला कुठे शिकायचंय?" असं कुणी विचारत नाही. "टाकताय" म्हणतात, आणि टाकणारे आईबाप असतात. कुठे जायचं हे ठरायच्या आधी कुठे टाकायचं हे ठरतं. या उलट्या क्रमाबद्दल आणि त्यामागच्या, अर्ली डिसिजन नावाच्या कॉलेजप्रवेशाच्या व्यवस्थेबद्दल मला लिहायचं आहे, कारण आमच्या घरानं एकदा त्याची किंमत मोजली आहे आणि दर वर्षी ओळखीतलं एखादं घर ती मोजताना मी पाहते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं उलगडून सांगते. अमेरिकेत कॉलेजप्रवेशाचे नेहमीचे अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीला जातात, उत्तरं मार्चअखेरीस येतात आणि १ मेपर्यंत विद्यार्थ्यानं आपला निर्णय कळवायचा असतो. अर्ली डिसिजन हा याच्या आधीचा दरवाजा. त्यातून एकाच कॉलेजला अर्ज करता येतो, बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत. अर्जासोबत एक करारपत्र असतं आणि त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. प्रवेश मिळाला तर आम्ही तिथेच येऊ आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊ, असं त्यात लिहिलेलं असतं. उत्तर डिसेंबरच्या मध्याला येतं. बरीच कॉलेजं जानेवारीत याच अटीची दुसरी फेरीही ठेवतात. अर्ली ॲक्शन नावाचा प्रकार वेगळा : त्यात उत्तर लवकर कळतं, पण बांधिलकी नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांनी मधला मार्ग ठेवला आहे. तिथे अर्ली अर्ज केला तर दुसऱ्या खाजगी कॉलेजांत अर्ली अर्ज करता येत नाही, पण प्रवेश मिळाला तरी मेपर्यंत विचार करायला मोकळीक असते. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत तर यातलं काहीच नाही. सगळ्यांना एकच मुदत. (भारतात या पद्धतीच्या 'ईडी' या आद्याक्षरांचा अर्थ भलताच होतो, म्हणून मी पूर्ण नावच वापरते.)

लोक तिकडे का धावतात, हे आकडे पाहिले की कळतं. २०२४ च्या प्रवेशासाठी ब्राउन विद्यापीठाकडे अर्ली डिसिजनचे ६,२४४ अर्ज आले आणि त्यातल्या ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे शंभरात चौदा. त्या वर्षीचे एकूण अर्ज ४८,८८१ आणि एकूण प्रवेश २,५२१. अर्लीचे आकडे वजा करून पाहा : साधारण ४२,६०० अर्जांमागे १,६२३ जागा. शंभरात चारसुद्धा नाहीत. ड्यूकचं त्या वर्षीचं चित्र जवळपास असंच होतं, अर्लीत शंभरात तेरा आणि नंतर शंभरात चार. हे आकडे कॉरिडॉरमध्ये फिरतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, अर्ली टाकलं की संधी साडेतीन पट.

तसं नसतं. त्या चौदांत खेळाडू असतात, ज्यांना प्रशिक्षकानं उन्हाळ्यातच होकार कळवलेला असतो. माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, प्राध्यापकांची मुलं असतात. ती वगळली तर आपल्या एडिसनच्या किंवा साउथ ब्रन्सविकच्या, शाळेतच कॉलेजपातळीचे आठ एपी विषय घेतलेल्या आणि भरतनाट्यम शिकलेल्या मुलीसाठी उरलेला दर बराच खाली येतो. तरीही फायदा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. हार्वर्डमधल्या अभ्यासकांनी अनेक कॉलेजांच्या प्रवेशनोंदी तपासून २००३ साली मांडलं होतं की अर्ली अर्जाचं वजन सॅट या प्रवेशपरीक्षेच्या सुमारे शंभर गुणांइतकं पडतं. फायदा खरा आहे आणि माझा आक्षेपही त्यालाच आहे. तो कशाबद्दल मिळतो?

हुशारीबद्दल मिळत नाही. ऑक्टोबरात लिहिलेला निबंध जानेवारीतल्या निबंधापेक्षा बरा नसतो. अर्लीत वजन मिळतं ते वचनाला. कॉलेजाला हवी असते खात्री. आपण ज्यांना जागा दिली त्यांच्यातले किती जण खरोखर येणार, ही प्रत्येक प्रवेश कार्यालयाची चिंता असते. बांधलेलं मूल शंभर टक्के येतं. त्याला आकर्षित करायला शिष्यवृत्ती वाढवावी लागत नाही, एप्रिलमध्ये दुसऱ्या कॉलेजाशी चढाओढ करावी लागत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षाचा जवळजवळ अर्धा वर्ग याच दरवाज्यानं भरतो. म्हणजे ज्यांनी मार्चची वाट पाहिली त्यांच्यासाठी अर्धाच वर्ग शिल्लक असतो, आणि अर्जदार मात्र कितीतरी पट जास्त. कॉलेजाच्या बाजूनं पाहिलं तर व्यवहार चोख आहे.

आता घराच्या बाजूनं पाहू. अनेक नामवंत खाजगी कॉलेजांचा राहण्याखाण्यासह वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. ही झाली छापील किंमत. प्रत्यक्ष किंमत प्रत्येक घरासाठी वेगळी असते. उत्पन्न, बचत, घर, भावंडं हे सगळं पाहून कॉलेज ठरवतं की या घराकडून इतके घ्यायचे आणि इतकी मदत द्यायची. एकाच मुलीला दोन कॉलेजांकडून आलेल्या मदतीच्या पत्रांत वर्षाला १५-२० हजार डॉलरचा फरक असणं ही इथे नवलाची गोष्ट नाही. हा फरक कळायचा एकच मार्ग असतो. दोन-चार पत्रं शेजारी शेजारी ठेवायची. अर्ली डिसिजनमध्ये एकच पत्र येतं, आणि ते येतं तेव्हा सही करून दीड महिना झालेला असतो.

आपल्याकडे जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारात विसार देतात. विसार म्हणजे सौदा पक्का करायची रक्कम. माझ्या आजोबांनी सांगलीजवळ जमीन घेतली तेव्हाची गोष्ट घरात अजून सांगतात : विसाराच्या पावतीवर आधी भाव लिहिला गेला, मग रक्कम, मग अंगठे आणि सह्या. भाव लिहिल्याशिवाय विसार द्यायचा नाही, हे शेतात राबणाऱ्या माणसालाही माहीत होतं. इथे आम्ही एमएस, एमबीए झालेली माणसं १ नोव्हेंबरला भाव न विचारता विसार देतो, आणि तोही सतरा वर्षांच्या मुलाच्या सहीनं.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्यांशी तुलना केली की फरक आणखी उघड होतो. सीईटी देणाऱ्या मुलालाही पसंतीक्रम भरावा लागतो. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ती जागा घ्यावी लागते, पुढच्या फेऱ्यांचा विचार करता येत नाही. म्हणजे बांधिलकी तिथेही आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या मुलाचं पर्सेंटाइल पसंती दिल्यानं वाढत नाही. पुण्याचं सीओईपी पहिलं लिहिलं म्हणून कुणी त्याला रांगेत चार पावलं पुढे घेत नाही. आणि फी आधी जाहीर असते, शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली, सगळ्यांना वाचता येईल अशी. कॅपमध्ये दोष पुष्कळ आहेत आणि त्या फेऱ्यांत पोळलेले पालक ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील. पण "मी नक्की येईन" या वाक्याला तिथे गुण मिळत नाहीत. इथे मिळतात. आणि भाव न विचारता हे वाक्य कोण म्हणू शकतं? ज्याला भाव विचारायची गरज नाही तोच. म्हणून मी अर्ली डिसिजनला गुणवत्तेच्या शर्यतीचा भाग मानत नाही. पैशानं मिळणारी ही बढत आहे, फक्त ती पावतीवर दिसत नाही.

यावर मला नेहमी उत्तर मिळतं की परवडलं नाही तर करारातून सुटता येतं. हे कागदावर खरं आहे. मदत पुरेशी नसेल तर कॉलेज करारातून मोकळं करतं, आणि करारपत्राला न्यायालयात खेचण्यासारखी धारही नाही. शिवाय २०११ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक कॉलेजानं वेबसाइटवर खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर ठेवायचा, असा केंद्राचा कायदा आहे. मग अडलं कुठे?

अडतं कुठे ते आमच्या मुलीच्या वेळी कळलं. कॅल्क्युलेटर म्हणाला, वर्षाला ४१ हजार. हात आखडले असते, पण जमलं असतं. डिसेंबरात प्रवेशाची बातमी आली, मुलगी नाचली, मी सासूबाईंना पुण्याला फोन लावला. पाच दिवसांनी मदतीचं पत्र आलं. त्यात आकडा होता ५२ हजार. आमचं राहतं घर वीस वर्षांत महाग झालं होतं आणि ती वाढ कॉलेजानं आमची बचत धरली होती. सासूबाई राहतात तो पुण्याचा फ्लॅट नवऱ्याच्या आणि त्यांच्या संयुक्त नावावर आहे, तोही धरला होता. त्या फ्लॅटमधून सासूबाईंना बाहेर काढून आम्ही फी भरणार नव्हतो, पण कागदाला ते कळत नाही. आम्ही दर महिन्याला दोन्हीकडच्या आईवडिलांना पैसे पाठवतो, त्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. आम्ही फेरविचाराचं पत्र लिहिलं. नाताळच्या सुट्टीत कार्यालय बंद होतं. बाकीच्या कॉलेजांच्या अर्जांची मुदत १ जानेवारीला संपत होती. सुट्टीनंतर उत्तर आलं : तीन हजार कमी केले आहेत.

"परवडत नाही" म्हणून आम्ही सुटू शकलो असतो का? शकलो असतो. पण त्या आठ दिवसांत घरात जे चाललं होतं ते करारपत्रात मावत नाही. मुलीनं कॉलेजचा स्वेटशर्ट मागवला होता. शाळेत सगळ्यांना कळलं होतं. काउन्सेलरबाई म्हणाल्या, तुम्ही मागे फिरलात तर पुढच्या वर्षी आपल्या शाळेच्या मुलांना त्याचा त्रास होईल. ही भीती पोकळ नाही. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठानं कोलोरॅडोतल्या एका शाळेच्या मुलांना एका वर्षासाठी अर्ली डिसिजनचा दरवाजा बंद केला, कारण आदल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्यानं शब्द पाळला नव्हता. ही बातमी २०२५ मध्ये सगळीकडे आली. एकानं मागे घेतलेल्या शब्दाची शिक्षा पुढच्या वर्षीच्या सगळ्यांना. आणि "परवडत नाही" हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न राहतोच. कॉलेजाचं सूत्र म्हणतं परवडतं, आईबाप म्हणतात नाही, आणि मध्ये स्वेटशर्ट घातलेली मुलगी बसलेली असते. आम्ही सही कायम ठेवली. मुलगी चांगली शिकली, तिथे रमली, मला त्या कॉलेजच्या शिक्षणाबद्दल तक्रार नाही. पण दुसरीकडे किती पडले असते ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि नवऱ्यानं चार वर्षं शनिवारचं दुसरं काम केलं.

मुलाच्या वेळी आम्ही अर्ली डिसिजन केलं नाही. घोळक्यात बरेच सल्ले मिळाले. एक गृहस्थ कळवळून म्हणाले, "वहिनी, मुलाचं नुकसान करताय." ते माझ्या मनाला लागलं होतं. त्या मार्चमध्ये दोन नकार आले, त्यातलं एक कॉलेज मुलाला मनापासून हवं होतं. अर्ली टाकलं असतं तर कदाचित मिळालं असतं, हे मी नाकारत नाही आणि त्यानंही आम्हाला एकदा तसं बोलून दाखवलं. पण एप्रिलमध्ये जेवणाच्या टेबलावर चार पत्रं होती. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यांत वर्षाला १७ हजारांचा फरक होता. एका कॉलेजाला आम्ही दुसऱ्याचं पत्र दाखवलं, त्यांनी मदत वाढवली. मुलानं दोन ठिकाणी जाऊन वर्गात बसून पाहिलं. नोव्हेंबरात त्याला अर्थशास्त्र शिकायचं होतं, एप्रिलपर्यंत ते पर्यावरणशास्त्र झालं होतं. सतरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात सहा महिने हा फार मोठा काळ असतो. बारावीच्या वर्षात मुलं भराभर बदलतात, आणि हा करार त्यांच्याकडून निर्णय मागतो तो त्या वर्षाच्या अगदी सुरुवातीला.

आपल्या समाजातल्या एका गटाबद्दल फार कमी बोललं जातं, तो म्हणजे एच-४ या अवलंबित व्हिसावरची मुलं. आईवडील एच-१बी वर, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं. मूल बालवाडीपासून इथे शिकलेलं. पण केंद्राची शैक्षणिक मदत त्याला मिळत नाही, आणि मदतीच्या बाबतीत बरीच कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थीच धरतात. वय एकवीस झालं की अवलंबित व्हिसाही संपतो, मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. अशा घरानं मदतीचं पत्र पाहण्याआधी बांधून घेणं मला फार धोक्याचं वाटतं. पुण्यामुंबईहून थेट अर्ज करणाऱ्यांचंही तेच. परदेशी विद्यार्थ्यानं मदत मागितली आहे की नाही हे न पाहता प्रवेश देणारी कॉलेजं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. इतर ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. म्हणून तिकडचे सल्लागार सुचवतात की मदत मागू नका आणि अर्ली टाका. घर गहाण टाकून मुलाला पाठवणाऱ्या बापाला हा सल्ला देणाऱ्यानं चार वर्षांचा हिशेबही त्याच कागदावर मांडून द्यायला हवा.

ही व्यवस्था चुकीची आहे हे कॉलेजांना कळत नाही असं नाही. त्यांना ते पाव शतकापासून कळतं आहे. २००१ च्या डिसेंबरात येलचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन जाहीरपणे म्हणाले की सगळ्यांनी मिळून ही पद्धत सोडली तर चांगलं होईल. २००२ मध्ये येल आणि स्टॅनफर्डनं बांधिलकी काढून टाकायचं ठरवलं आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या चॅपल हिल विद्यापीठानं अर्ली डिसिजन बंद केलं. २००६ मध्ये हार्वर्डनं तर अर्ली प्रवेशच बंद केला. हंगामी अध्यक्ष डेरेक बॉक यांचं म्हणणं होतं की हे कार्यक्रम जे आधीच पुढे आहेत त्यांनाच आणखी पुढे नेतात. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ आलं. त्यांना वाटलं होतं, इतर येतील. कुणी आलं नाही. २०११ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन अर्ली प्रवेशाकडे परतले, बांधिलकी नसलेला प्रकार घेऊन. व्हर्जिनिया विद्यापीठानं पुढे अर्ली डिसिजनही पुन्हा सुरू केलं.

मला त्या पाच वर्षांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. एकट्यानं सोडणाऱ्याचं नुकसान होतं. अगदी हार्वर्डचंसुद्धा. सगळ्यांनी एकत्र बसून सोडायचं तर स्पर्धाविरोधी कायदा आडवा येतो. २०१९ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध याच कायद्याखाली कारवाई केली होती आणि कॉलेजांनी आपसांत पाळायचे काही नियम संघटनेला आचारसंहितेतून काढावे लागले. म्हणजे हा प्रश्न कॉलेजांच्या सद्भावनेवर सुटणारा नाही. तो बाहेरून सोडवावा लागेल, विधिमंडळातून किंवा न्यायालयातून.

न्यायालयात तो पोचला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या केंद्रीय न्यायालयात ३२ कॉलेजं आणि कॉमन ॲपसह (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची सोय करणारी संस्था) काही संस्थांविरुद्ध दावा दाखल झाला. अर्ली डिसिजनमुळे कॉलेजांमधली किमतीची स्पर्धा संपते आणि सगळ्यांचाच खर्च वाढतो, असं त्यात म्हटलं आहे. याआधी २०२२ मध्ये आर्थिक मदतीची सूत्रं संगनमतानं ठरवल्याच्या आरोपावरून नामवंत विद्यापीठांविरुद्ध खटला झाला होता. त्यात २०२५ च्या सुरुवातीपर्यंत बारा विद्यापीठांनी चूक मान्य न करता एकूण सुमारे ३२ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कायदेमंडळांकडे पाहिलं तर मॅसॅच्युसेट्समध्ये २०२३ साली एक विधेयक मांडलं गेलं. त्यात अर्ली डिसिजन आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देणाऱ्या कॉलेजांवर शुल्क लावायचं सुचवलं होतं. त्याच वर्षी व्हर्जिनिया टेकनं आपणहून अर्ली डिसिजन बंद केलं. आणि २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठानं ते नव्यानं सुरू केलं. करदात्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या सरकारी विद्यापीठानं हे करावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

अर्ली डिसिजन मुळापासून उखडावं असं मी म्हणत नाही. एखाद्या मुलीला दहावीपासून एकच कॉलेज हवं असेल तर तिला तसं सांगता यावं. माझी मागणी एवढीच आहे की भाव आधी, शब्द नंतर. प्रवेशाबरोबर मदतीचं पक्कं पत्र द्या, आणि ते हातात पडल्यावर इतर पत्रांशी ताडून पाहायला १ मेपर्यंत मुदत द्या. यावर कॉलेजं म्हणतील की मग त्याला बांधिलकी कशी म्हणायची. पण याचं एक रूप इथे आधीपासून चालू आहे. क्वेस्टब्रिज नावाची संस्था कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांची नामवंत कॉलेजांशी जोडणी करून देते. जुळलं तर चार वर्षांचा पूर्ण खर्च शिष्यवृत्तीतून मिळतो. बहुतेक भागीदार कॉलेजांत ती जोडणी बांधील असते, पण मुलाला पसंती देतानाच ठाऊक असतं की आपल्याला काय मिळणार आहे. तिथे बांधून घेताना कुणी फसत नाही. जे गरिबांसाठी जमतं ते मधल्या घरांसाठी जमत नाही, यावर माझा विश्वास नाही.

हे होईपर्यंत दर ऑक्टोबरात घरांना निर्णय घ्यावाच लागणार. मला विचारणाऱ्यांना मी आता स्पष्ट सांगते. छापील किंमत चारही वर्षं, दुसऱ्या मुलाच्या शिक्षणाला आणि भारतातल्या आईवडिलांच्या औषधपाण्याला धक्का न लावता भरू शकत असाल, आणि मुलीनं ते कॉलेज प्रत्यक्ष पाहून स्वतः निवडलं असेल, तर करा. कुणाला अपराधी वाटायचं कारण नाही. यातलं एक जरी नसेल तर करू नका. कॅल्क्युलेटरच्या आकड्यावर विसंबून तर नाहीच, विशेषतः स्वतःचं क्लिनिक किंवा दुकान असेल, भारतात मालमत्ता असेल, आईवडील वेगळे राहत असतील तर. दोन वर्षांनी दुसरं मूल कॉलेजला जाणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा : २०२४-२५ पासून केंद्राच्या मदतीच्या अर्जात एका वेळी दोन मुलं कॉलेजात असल्याची सवलत उरलेली नाही. कॉलेजांपैकी काही ती आपल्या पैशातून देतात, काही देत नाहीत. सही करण्याआधी मदत कार्यालयाला फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलनं मागा.

"कुठे" या प्रश्नाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की दराच्या तक्त्यावरून ठरवू नका. कॉलेजं आपली आकडेवारी ज्यात जाहीर करतात त्या कॉमन डेटा सेटमध्ये अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश छापलेले असतात. ते पाहा, पण कॉलेज निवडून झाल्यावर पाहा. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे आईबापांनी एक्सेलमध्ये अर्लीच्या आणि नंतरच्या दरांचा भागाकार केला, ज्या कॉलेजात आकडा सगळ्यात मोठा आला तिथे अर्ज गेला, आणि मुलाला डिसेंबरात कळलं की आपल्याला आता चार वर्षं अशा गावात राहायचं आहे जे आपण पाहिलेलंही नाही. अंगी गुण असलेली, कष्टाळू मुलं ती. घरात कुणी वाईट नव्हतं. सगळ्यांना फक्त दरवाजा बंद व्हायची भीती होती.

गेल्या रविवारी कॉरिडॉरमध्ये एका ओळखीच्या गृहस्थांनी फोन पुढे केला. त्यात दोन कॉलेजांची नावं होती, प्रत्येकापुढे टक्के. "ताई, यातलं कुठलं टाकू?" मुलगी शेजारीच उभी होती, मराठी शाळेत धाकट्यांना बाराखडी शिकवायला येते ती. मी तिला विचारलं, "तुला यातलं कुठलं आवडतं गं?"

तिनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, मला अजून माहीत नाही."

"पण सतरा दिवस राहिलेत," वडील म्हणाले.

"मला मार्चपर्यंत कळेल," ती म्हणाली. वर्ग सुटला, मुलं दप्तरं घेऊन बाहेर आली, आणि ती तिच्या वर्गातल्या लहानग्यांना ओळीत उभं करायला निघून गेली. वडील बराच वेळ फोनकडे पाहत उभे होते. मग त्यांनी तो खिशात ठेवला आणि मला विचारलं, मुलाच्या वेळी एप्रिलमध्ये आम्ही त्या कॉलेजाला पत्र लिहिलं होतं, त्यात नेमकं काय लिहिलं होतं.